रात्रभर वाय-फाय चालू ठेवावे की मोबाइल डेटा? स्टँडबायमधील बॅटरीचा तुलनात्मक आढावा

रात्री फोनला कोणी हात लावलेला नसतो आणि पडदाही बंद असतो. तरीही सकाळी कोणाची बॅटरी तीन टक्क्यांनी उतरलेली दिसते, तर कोणाची पंधरा टक्क्यांनी. हा फरक मुख्यतः त्या सात-आठ तासांत फोनमधला रेडिओ, म्हणजे टॉवरशी आणि राउटरशी बिनतारी बोलणारा भाग, किती वेळा जागा झाला आणि जागा झाल्यावर पुन्हा झोपायला त्याला किती वेळ लागला, यावरून पडतो. वाय-फाय चालू ठेवून डेटा बंद करणे, डेटा चालू ठेवून वाय-फाय बंद करणे, दोन्ही चालू ठेवणे आणि दोन्ही बंद करणे, असे चार पर्याय आपल्यापुढे असतात. माझे मत आधीच सांगतो. घरात बऱ्यापैकी चालणारा राउटर असेल, तर पहिला पर्याय बहुतेकांना लाभाचा ठरतो. मात्र फोन जिथे ठेवला आहे तिथली रेंज आणि फोनमधले दुसरे सिम यांच्याकडे दुर्लक्ष केले, तर चारपैकी कोणताही पर्याय निवडून फारसे काही हाती लागत नाही.

डेटा बंद केल्यावर काय बंद होते?

मोबाइल डेटा बंद केला की टॉवरशी असलेले नातेच तुटते, असा समज सर्रास आढळतो आणि पुढचे बरेच गैरसमज त्यातूनच निघतात. कॉल आणि एसएमएस यायला हवेत म्हणून फोन टॉवरकडे कान देऊनच असतो. ४जीच्या जाळ्यात तो ठरावीक अंतराने, बहुधा दर १.२८ सेकंदांनी, क्षणभर जागा होतो, आपल्यासाठी काही हाक आहे का ते ऐकतो आणि पुन्हा झोपतो. डेटा चालू असो वा बंद, हे ऐकणे चालूच राहते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या जिओकडे तर २जी किंवा ३जीचे जाळे मुळातच नाही. तिथे साधा आवाजी कॉलसुद्धा ४जी किंवा ५जीवरूनच येतो आणि डेटाचे बटण बंद असले तरी त्या कॉलसाठी लागणारी नोंदणी कायम राहते. म्हणून बॅटरी वाचवण्यासाठी रात्री फोन २जीवर ठेवावा, हा जुना सल्ला जिओच्या ग्राहकाने पाळला, तर त्याला कॉल येणेच बंद होईल.

याचा अर्थ असा की टॉवरशी संपर्क ठेवण्याचा मूळ खर्च आपण भरतोच आणि वाय-फाय चालू ठेवणे हा त्यावरचा वाढीव खर्च असतो. रात्रभर एकही संदेश आला नाही आणि एकाही ॲपने इंटरनेटकडे काही मागितले नाही, तर वाय-फाय बंद आणि डेटा चालू ही व्यवस्था तत्त्वतः किंचित स्वस्त पडायला हवी. वाय-फाय बंद ठेवण्याच्या सल्ल्यामागे एवढे तथ्य निश्चित आहे. अडचण एवढीच, की आजचा फोन रात्रभर असा गप्प राहतच नाही.

एका संदेशाची किंमत

सोसायटीच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला आलेला पाण्याच्या टँकरचा निरोप आकाराने अगदी लहान असतो, पण तो डेटावरून आला की फोनचा रेडिओ टॉवरशी पूर्ण जोडणी करतो आणि निरोप पोहोचल्यावरही लगेच झोपत नाही. आणखी काही येईल या अपेक्षेने त्याला काही काळ जागे ठेवले जाते आणि हा काळ फोन ठरवत नाही, तर मोबाइल कंपनीचे जाळे ठरवते. अभियंते या उरलेल्या जागरणाला शेपूट म्हणतात. मिशिगन विद्यापीठ आणि एटी अँड टी लॅब्स यांच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अमेरिकेतील ४जीची मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा हे शेपूट सुमारे साडेअकरा सेकंदांचे आढळले होते. वापरकर्त्यांच्या प्रत्यक्ष वापराच्या नोंदी तपासल्यावर वाय-फायच्या तुलनेत ४जीला काही बाबतींत २३ पटींपर्यंत अधिक ऊर्जा लागत असल्याचेही त्यांनी नोंदवले. तेव्हापासून चिप पुष्कळ सुधारल्या आहेत आणि त्या जागरणातही रेडिओ मधूनमधून डुलकी घेऊ लागला आहे, त्यामुळे तो आकडा आजच्या फोनला जसाच्या तसा लावू नये. परंतु शेपूट अजूनही आहे.

साधा हिशेब करून पाहू. आठ तासांत सरासरी दर पाच मिनिटांनी एक निरोप आला, तर ९६ निरोप होतात. प्रत्येकामागे दहा सेकंदांचे जागरण धरले, तर ९६० सेकंद, म्हणजे १६ मिनिटे रेडिओ जागा राहतो, आणि तेही प्रत्यक्षात क्षणार्धात संपणाऱ्या कामासाठी. वाय-फायवर हेच काम झाले, तर जागरण सेकंदाच्या काही अंशात आटोपते. पहाटे पाचपासून सुविचार आणि फुलांची छायाचित्रे येणारे चार-पाच ग्रुप ज्याच्या फोनमध्ये आहेत, त्याच्यासाठी वाय-फाय सरळ सरस ठरते.

वाय-फायचीही गळती असते, हे मात्र मान्य केले पाहिजे. राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा वेळा, एक छोटी हाळी देतो आणि तुझ्यासाठी काही राखून ठेवले आहे की नाही, ते तिच्यातूनच फोनला कळवतो. फोनने प्रत्येक हाळीला जागे व्हायचे की दर दुसऱ्या-तिसऱ्या हाळीला, हे काही अंशी राउटरमधील डीटीआयएम नावाच्या मांडणीवर आणि काही अंशी फोनच्या चिपवर अवलंबून असते. ही मांडणी १ वर असेल, तर झोप वारंवार मोडते. ३ वर असेल, तर तेवढी कमी मोडते. शिवाय एकाच वाय-फायवर टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे आणि इतर वीस-पंचवीस फोन असतील, तर ती उपकरणे सर्वांना उद्देशून जी विचारपूस करत राहतात, तीही आपल्या फोनपर्यंत पोहोचते. त्यातली बरीचशी निरर्थक विचारपूस चिपमध्येच गाळून टाकण्याची सोय आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये असते, पण प्रत्येक फोनमध्ये ती सारखी प्रभावी नसते. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातले वाय-फाय आणि चार माणसांच्या घरातले वाय-फाय यांना एकाच मापाने मोजू नये. वसतिगृहात, टॉवर जवळ असेल तर, डेटा चालू ठेवून वाय-फाय बंद करणे खरोखर फायद्याचे ठरू शकते. वाय-फाय ६ मध्ये जागे होण्याची वेळ फोन आणि राउटर आपसांत आधीच ठरवू शकतात, पण त्यासाठी ही सोय दोघांकडेही असावी लागते.

दोन्ही पर्यायांतील अंतर अलीकडे कमी झाले आहे, त्याचे मोठे श्रेय अँड्रॉइड ६ बरोबर २०१५ मध्ये आलेल्या डोझ या व्यवस्थेला द्यावे लागेल. फोन बराच वेळ हालचालीविना पडून असला, की सामान्य ॲपची इंटरनेटची कामे थोपवून धरून ती अधूनमधून एकदम उरकली जातात. तातडीचे म्हणून पाठवलेले संदेश मात्र त्यातूनही वाट काढतात आणि गप्पांच्या ॲपचे संदेश बहुधा याच वर्गातले असतात.

दोन्ही चालू ठेवले तर

बहुतेक लोक प्रत्यक्षात हेच करतात आणि वाय-फाय भक्कम असेल, तर यात वावगे काही नाही. वाय-फाय मिळत असताना फोन इंटरनेटची कामे त्याच्यावरूनच करतो आणि डेटा नुसता हाताशी राहतो. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांमध्ये वाय-फाय असतानाही मोबाइल डेटा सक्रिय ठेवणारी एक मांडणी असते. एका जाळ्यावरून दुसऱ्यावर पटकन जाता यावे, यासाठी ती दिलेली आहे. बॅटरी वाचवायची असेल, तर ती बंद करून पाहण्यासारखी आहे.

खरा तोटा होतो तो वाय-फाय अर्धवट असताना. राउटर दिवाणखान्यात आणि फोन दोन भिंतींपलीकडच्या खोलीत असेल, तर जोडणी सुटते, फोन डेटावर जातो, पुन्हा वाय-फाय सापडते, पुन्हा सुटते, आणि प्रत्येक वेळी सगळी ॲप आपापले संपर्क नव्याने जोडतात. चारही व्यवस्थांमध्ये ही स्थिती सर्वांत खर्चिक असते. असे होत असेल, तर एक काहीतरी ठाम निवडावे, किंवा निदान त्या खोलीपुरते ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय जोडावे, कारण ते भिंतींमधून अधिक चांगले पोहोचते. रात्री वीज जाते अशा गावात राउटर वारंवार बंद-चालू होतो आणि तिथेही हेच घडते; राउटरला छोटा यूपीएस लावल्याने इंटरनेट टिकते आणि फोनची ही धावपळही थांबते.

दोन्ही चालू ठेवण्याचा एक मोठा गुण मात्र बॅटरीच्या हिशेबात धरता येत नाही. परगावी असलेल्या मुलाचा व्हॉट्सॲप कॉल रात्री दोन वाजताही लागावा असे ज्या आई-वडिलांना वाटते, त्यांनी दोन-तीन टक्क्यांचा विचार न करता दोन्ही चालू ठेवावे.

बटण बंद आणि रेडिओ चालू

वाय-फाय बंद केले असे आपल्याला वाटते, पण ते नेहमी खरे असतेच असे नाही. आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधले वाय-फायचे बटण २०१७ च्या आयओएस ११ पासून केवळ चालू जोडणी तोडते. रेडिओ चालूच राहतो आणि पहाटे पाच वाजता फोन स्वतःहून पुन्हा जोडणी शोधू लागतो. पूर्ण बंद करायचे असेल, तर सेटिंग्जमध्ये जावे लागते. अँड्रॉइडमध्येही स्थान शोधण्यासाठी वाय-फाय स्कॅनिंगची वेगळी मांडणी असते आणि ती चालू असेल, तर वाय-फाय बंद असतानाही फोन आसपासचे राउटर शोधत राहू शकतो. वाय-फाय बंद ठेवून बॅटरी वाचत नाही अशी तक्रार ज्यांची असते, त्यांनी आधी ही मांडणी पाहावी.

रेंज, दुसरे सिम आणि ५जी

आतापर्यंतची सगळी तुलना रेंज चांगली आहे असे गृहीत धरून केलेली आहे. ती चांगली नसेल, तर सगळे हिशेब बदलतात. टॉवर जवळ असताना फोनला अगदी हळू बोलून भागते. टॉवर दूर असला की त्याला जवळजवळ ओरडावे लागते आणि ४जी फोनची ओरडण्याची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे २०० मिलिवॉट असते. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात, पत्र्याच्या छपराखाली किंवा शहरातल्या इमारतीच्या तळमजल्यावर फोन रात्रभर याच अवस्थेत राहू शकतो आणि रेंज पूर्ण गेली की तो पुनःपुन्हा टॉवर शोधत बसतो. अँड्रॉइडमध्ये फोनविषयीच्या माहितीत सिमची स्थिती पाहिली, तर रेंज डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजण्याच्या एककात, दिसते. ४जीसाठी वजा ८५ च्या आसपासचा आकडा उत्तम समजावा, तर वजा ११० च्या पलीकडचा वाईट. दर दहा अंकांना सिग्नल दहापटींनी घटतो, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन आकड्यांतले अंतर किती मोठे आहे ते कळते. अशा खोलीत डेटा चालू ठेवणे सर्वांत महाग पडते. फोन नुसता खिडकीजवळ ठेवल्यानेही फरक पडतो आणि तो पर्याय बदलण्याच्या फरकापेक्षा मोठा असू शकतो.

आपल्याकडे दोन सिमचे फोन घरोघरी आहेत आणि दुसऱ्या सिमकडे बहुधा कोणाचे लक्ष नसते. गावी गेल्यावर एका कंपनीची रेंज उत्तम असते आणि दुसऱ्या कंपनीची नसतेच. मग ते दुसरे सिम रात्रभर शोध घेत राहते आणि दोष मात्र वाय-फायला दिला जातो. सेटिंग्जमधून ते सिम तेवढ्या काळापुरते बंद करावे. बँकेचे ओटीपी त्याच सिमवर येत असतील, तर सकाळी ते आठवणीने चालू करावे.

५जीच्या बाबतीतही रेंजचाच विचार करावा लागतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू करताना जिओने स्वतंत्र ५जी जाळे उभारले, तर एअरटेलने ४जीच्या आधाराने चालणारे ५जी आणले. त्यामुळे एकाच खोलीत दोन कंपन्यांच्या सिमवर फोन वेगवेगळा वागू शकतो. ५जी कधी मिळते आणि कधी जाते अशा जागी रात्रीपुरते ४जी निवडावे. झोपेत त्या वेगाचा उपयोग काहीच नसतो.

दोन्ही बंद, किंवा फ्लाइट मोड

दोन्ही बंद केल्याने कॉल येतात आणि संदेशांमुळे होणारी सगळी जागरणे टळतात. ज्यांना रात्री फक्त कॉल हवा आहे, त्यांच्यासाठी हा पर्याय सर्वांत काटकसरीचा आहे. सकाळी इंटरनेट चालू केल्यावर साठलेले सगळे संदेश एकदम येतात, पण एका जागरणात शंभर निरोप घेणे हे शंभर जागरणांपेक्षा स्वस्तच पडते.

फ्लाइट मोड लावून त्यावर वाय-फाय चालू करणे, ही जोडी फार थोडे लोक वापरतात. घरात ब्रॉडबँड आहे पण मोबाइलची रेंज नाही, अशा ठिकाणी तिच्याइतका चांगला उपाय नाही, कारण टॉवर शोधण्याचा खर्च त्यामुळे शून्यावर येतो. वाय-फायवरून साधे कॉल करण्याची सोय एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली. फोनमध्ये ती चालू असेल, तर बहुतेक फोनवर फ्लाइट मोडमध्येही कॉल येतात. मात्र वीज जाऊन राउटर बंद पडला, तर तो फोन कोणालाही लागणार नाही. घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल, तर एक तरी फोन या व्यवस्थेबाहेर ठेवावा.

आपल्या घरातले उत्तर कसे काढावे?

प्रत्येक व्यवस्था किमान तीन रात्री वापरावी, फोन रोज त्याच जागी ठेवावा, चार्जर लावू नये आणि झोपतानाची व उठल्यावरची टक्केवारी कागदावर लिहावी. ज्या रात्री ॲप अपडेट झाली किंवा छायाचित्रांचा बॅकअप झाला, ती रात्र सोडून द्यावी. ५००० एमएएचच्या बॅटरीत एक टक्का म्हणजे ५० एमएएच, आणि आठ तासांवर पसरला तर सरासरी सव्वासहा मिलिॲम्पियर. फोनवर दिसणारी टक्केवारी यापेक्षा बारीक मोजत नाही, म्हणून दोन व्यवस्थांत एखाद्या टक्क्याचाच फरक आला, तर तो फरक नाही असेच समजावे आणि जी सोयीची असेल ती निवडावी. चारही व्यवस्थांत बॅटरी सारखीच दहा-पंधरा टक्क्यांनी उतरत असेल, तर कारण वाय-फाय किंवा डेटा यांच्या निवडीत नसून रेंज, दुसरे सिम किंवा एखादे बेशिस्त ॲप यांत असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या यादीत मोबाइल नेटवर्कची ओळ किती वर आहे ते आधी पाहावे आणि मग त्याखालच्या ॲपकडे वळावे.