सप्लाय चेन आणि सार्वजनिक धोरणाचा वीकेंड कोर्स: आठ महिन्यांनंतर

मी पिंपळगाव बसवंतला एका कांदा निर्यातदाराकडे डिस्पॅच बघतो. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी लागू झाली, तेव्हा कस्टम्सच्या ताब्यात गेलेला माल निघाला आणि आमची कसारा घाटातली गाडी परत फिरली. नाशिकमधल्या एका मॅनेजमेंट कॉलेजच्या सप्लाय चेन आणि सार्वजनिक धोरण विभागात, या वीकेंड कोर्सला मी नाव घातलं त्याचं कारण हेच. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पुढे तक्रारी आहेत.

आधी चांगलं. पहिल्याच महिन्यात 'बिअर गेम' खेळवला. एमआयटीतून आलेला जुना खेळ आहे: दुकानदार, होलसेलर, वितरक, कारखाना, प्रत्येकाने फक्त पुढच्याकडे ऑर्डर टाकायची, आणि एकमेकांशी बोलायचं नाही. गिऱ्हाइकाची मागणी फक्त ४ ची ८ झाली होती. मी वितरक, मी घाबरून ४० ची ऑर्डर टाकली! पाचव्या बाकावरचा कारखानदार माझ्या नावाने खडे फोडत होता. त्यानंतर ऑफिसात जाळीच्या गोण्यांच्या ऑर्डरी काढून बघितल्या. आम्ही दर सीझनला हेच करत होतो. आवक वाढली की डबल मागवायच्या, मग उरलेल्या गोण्या गोडाऊनमध्ये उंदरांना. यंदा तसं झालं नाही.

खरा सरप्राइज धोरणाचा पेपर. तो झोपेचा तास असणार असं धरून चाललो होतो. सर सरकारी नोकरीतून निवृत्त, पीपीटी नाही, अधिसूचनेची झेरॉक्स वाटतात आणि ओळीनं ओळ वाचायला लावतात. बंदी आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती. सरांनी विचारलं, "या तारखेवर कोणी विश्वास ठेवला?" मी हात वर केला. आम्ही १ एप्रिलच्या गाड्या ठरवून बसलो होतो. मार्चमध्येच ती 'पुढील आदेशापर्यंत' झाली, मेमध्ये उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावूनच. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडलं. सर म्हणाले, "तारीख वाचू नका, तारीख बदलण्याचा अधिकार कोणाकडे ठेवलाय ते वाचा." एवढ्या एका वाक्यात माझी फी वसूल.

पण विभागाच्या नावातल्या या दोन गोष्टी वर्गात एकमेकींशी बोलतच नाहीत. इन्व्हेंटरीच्या मॅडमना विचारलं, की चाळीतला (म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमधला) उन्हाळी कांदा किती दिवस धरायचा या गणितात बंदीची शक्यता कुठे घालायची? उत्तर आलं, "ते स्थिर धरा." चाळीत रोज घट होते, कोंब येतात, आणि सरकार मात्र स्थिर! उदाहरणंही सगळी मोबाइल आणि गाड्यांच्या कारखान्यांची. लासलगावचा कांदा बाजार तासाभरावर असून एकदाही लिलाव बघायला नेलं नाही. न्हावा शेवा बंदराची भेट दोनदा रद्द झाली. लॅबमध्ये चाळीस जणांत पंधरा कॉम्प्युटर.

नोकरी बदलायची म्हणून येणाऱ्यांनी थांबावं, प्लेसमेंट सेल नावापुरता आहे. कांदा, द्राक्ष, ट्रान्सपोर्ट यातला माणूस असेल तर धोरणाच्या पेपरसाठी जरूर या. दुसऱ्या सेमिस्टरची फी मी भरलीय. सरांनी मागच्या तीन वर्षांच्या आमच्या चाळीच्या नोंदी मागितल्यात, येत्या शनिवारी वही घेऊन जातोय.