ब्लॉग लिहायचा का इन्स्टावरच राहायचं? नागपुरातल्या छोट्या धंदेवाल्यांसाठी

धंदा ऑनलाइन न्यायचा म्हटलं की आपल्याकडे आधी इन्स्टाचं पेज निघते, मग व्हॉट्सॲप बिझनेस, आणि तिथंच गाडी थांबते. ब्लॉगचं नाव काढलं की "आता कोण वाचते भाऊ" हे उत्तर ठरलेलं. वाचतात ना, पण तुमचा ब्लॉग आहे म्हणून कोणी वाचायला येत नाही, त्याला काहीतरी पाहिजे असते, तो गुगलवर टाकतो आणि तुमच्या पानावर येऊन पडतो. इन्स्टावर माणूस टाइमपास करत असताना तुम्ही त्याच्या मधात येता, ब्लॉगवर तो कामानं आलेला असतो. म्हणून ठरवायच्या आधी एकच पहा, तुमचं गिऱ्हाईक पैसे द्यायच्या आधी किती प्रश्न विचारते.

इतवारी-गांधीबागेतलं साडीचं दुकान घ्या. साडी डोळ्यानं विकल्या जाते. पदर उलगडून दाखवणारं रील, खाली भाव (भाव लिहा हो, "डीएम करा" वाचलं की अर्धी लोकं पुढं सरकतात), लग्नसराईत रोज नवीन माल, एवढं पुरते. अशा दुकानदारानं वर्षभर ब्लॉग लिहिला तरी फारसं काही हाती लागत नाही, त्यापेक्षा गुगलवर दुकानाची फुकट प्रोफाइल बनवून टायमिंग, फोटो, नकाशा नीट भरून ठेवलेला बरा. केक, मेहंदी, घरचा फराळ, यांचंही तेच.

आता सफारीवाला घ्या, म्हणजे गाडी देणारा, होमस्टे चालवणारा. त्याचं गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं, कधी बाहेरच्या देशातलं, आणि प्रश्न संपतच नाहीत. पेंच महाराष्ट्रात का मध्य प्रदेशात? दोन्हीकडे आहे, सिल्लारी गेट आपलं, तुरिया त्यांचं, बुकिंगच्या साइटही वेगळ्या, आणि लोकं इथंच गोंधळतात. ताडोबा मंगळवारी बंद असते हे माहीत नसल्यानं विमानाचं तिकीट काढून बसतात. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर (जंगलाचा आतला भाग) बंद, मग बफरमध्ये (त्याच्या भोवतालच्या पट्ट्यात) जाऊन फायदा आहे का? वाघ दिसल्याचं रील टाकलं की लाइक धो धो येतात, पण लाइक करणाऱ्यांपैकी किती जण पुढच्या महिन्यात येऊन राहिले? जो माणूस रात्री बसून गेटचं नाव शोधून राहिला तो येणार आहे, त्याला सुट्टी मिळालेली आहे, फक्त कोणाला फोन करायचा तेवढं ठरायचं आहे. त्याला उत्तर तुमच्या पानावर मिळालं तर फोन तुम्हालाच.

पोस्ट किती दिवस जगते, हे गणितही वेगळं आहे. स्टोरी आणि स्टेटस 24 तासात गायब, रील चाललं तर काही दिवस चालते नाहीतर संध्याकाळीच थंड. संत्र्याच्या पेट्या पाठवणाऱ्यानं "आंबिया बहार कधी, मृग बहार कधी, कोणतं संत्र गोड" असं संत्र्याच्या दोन हंगामांचं एक पान नीट लिहून ठेवलं तर दरवर्षी दिवाळीच्या आसपास आणि परत फेब्रुवारी-मार्चमध्ये तेच पान कामी येते, नुसते भाव बदलायचे. पण सबुरी पाहिजे. नवीन ब्लॉग गुगलवर वर यायला महिनेच्या महिने जातात, कधी येतही नाही, आणि तोपर्यंत ना लाइक ना कमेंट, भिंतीशी बोलल्यासारखं वाटते. बहुतेक लोकं तिसऱ्या-चौथ्या लेखानंतर सोडतात ते यामुळंच. इन्स्टावर निदान आत्याबाई तरी हार्ट टाकतात.

दुसऱ्याच्या जागेवर दुकान मांडायचा धोका मात्र सोशल मीडियात जास्त. 29 जून 2020 ला टिकटॉक बंद झालं आणि ज्यांचं सगळं तिथंच होतं त्यांचे फॉलोअर एका रात्रीत गेले. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप तिन्ही कितीतरी तास बंद होते, तेव्हा ऑर्डर घेणाऱ्यांची काय हालत झाली असेल पहा. स्वतःच्या डोमेनवर (म्हणजे आपल्या नावाच्या वेब पत्त्यावर) ब्लॉग असला तर होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, बदलता येते, लिहिलेलं तुमच्याकडेच राहते. गुगलही मनात आलं तर खाली ढकलते म्हणा, तिथंही आपली सत्ता नाही.

आणि आता गुगल स्वतःच वरती एआयचं उत्तर देऊन टाकते, त्यामुळं "ताडोबा कोणत्या दिवशी बंद" एवढंच लिहाल तर माणूस तिथल्या तिथंच वाचून निघून जाईल. मग जे तुम्हालाच माहीत आहे ते लिहा. पहाटेच्या सफारीसाठी नागपुरातून किती वाजता निघावं लागते, वाटेत चहा कुठं मिळते, म्हाताऱ्या माणसाला जिप्सी (सफारीची उघडी गाडी) झेपते का, लहान पोरगं सोबत असलं तर काय काय घ्यावं. एआय हे कोणाचं तरी वाचूनच सांगते, तुमचं काऊन नाही?

भाषेचा घोळ आपल्याकडे खास आहे. इन्स्टावर नागपुरी मराठी-हिंदी मिसळ मस्त चालते, उलट लोकांना तेच आवडते. ब्लॉगवर मात्र एक भाषा धरावी लागते, कारण माणूस ज्या भाषेत टाइप करतो त्याच भाषेतलं पान बहुतेक त्याला दिसते. बाहेरचं गिऱ्हाईक असलं तर इंग्रजी. पण तुम्ही फिजिओथेरपी करता, क्लास घेता, शेतीचं सामान विकता आणि गिऱ्हाईक काटोल, उमरेड, रामटेककडचं आहे तर बिनधास्त मराठीत लिहा, मराठीत नीट लिहिलेली पानं कमी आहेत, गर्दी नाही.

खर्चाचं म्हणाल तर गुगलचं ब्लॉगर फुकट आहे, सुरुवातीला पुरते. स्वतःच्या डोमेनवर वर्डप्रेस (ब्लॉग बनवायचं सॉफ्टवेअर) चालवायचं तर डोमेन-होस्टिंगचे पैसे लागतात, आणि होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा भाव पाहून भुलू नका, रिन्यूअलचा आधी विचारा. इन्स्टा फुकट दिसते पण शूटिंग-एडिटिंगमध्ये जो वेळ जाते तो पाहून घ्या, आणि पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं ते बूस्टचं बटण एकदा दाबायची सवय लागली की बिल चालू.

दोन्ही करायचं तर वेगवेगळं डोकं लावत बसू नका. व्हॉट्सॲपवर जो प्रश्न परत परत येते तो लेखाचा विषय, तेच उत्तर कॅमेऱ्यासमोर बोललात की रील, आणि पुढच्या वेळी कोणी विचारलं तर टाइप करायच्या जागी लेखाची लिंक. कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक इन्स्टावर दाबता येत नाही, ती बायोमध्ये नाहीतर स्टोरीच्या स्टिकरवर टाका. साडीवाल्यानं हे सगळं सोडून दिलं तरी चालते. सफारीवाला, कॅटरर, क्लासवाले, डॉक्टर यांनी महिन्याला दोन लेख धरावेत, आणि आठवड्यात एकच मोकळा तास मिळत असला तर एक महिना रील थांबवून आधी सगळ्यात जास्त विचारल्या जाणाऱ्या दोन प्रश्नांची पानं लिहून काढावीत, मग परत रीलकडे वळावं.