गाडी कुठे आहे ते कळतं, मेसेज का उडाला तेही आता कळतं

कोकण रेल्वेने येणा-जाणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नाव देत नाही. एका ग्रुपमध्ये १०२४ च माणसं मावतात आणि आमचा भरलेला आहे, उगाच ॲडमिनच्या डोक्याला ताप. चालवणारे पाच जण, पाचही बिनपगारी. एकजण डोंबिवलीहून नोकरी सांभाळून बघतो, एकीचं इथे कणकवलीत झेरॉक्सचं दुकान आहे. गाडी किती लेट, डबे कुठे लागतात, आरक्षण कधी उघडतं, सगळं फुकट कळतं. तरी दोन वर्षांपूर्वी मी या ग्रुपला पाचपैकी एकच गुण दिला असता.

१४ जुलै २०२४, रविवार. खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली आणि मार्ग बंद पडला. माझी मुलगी नातवाला घेऊन गाडीत. कोणीतरी पाठवलेला मातीखाली गेलेल्या रुळांचा फोटो मी ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत उडाला. ॲडमिनने हटवला एवढंच दिसतं, का हटवला ते व्हॉट्सॲप सांगत नाही. मी विचारलं, तर ग्रुपच कुलूपबंद: आता फक्त ॲडमिन लिहिणार. आणि तेही तासभर गप्प!

मी तीस वर्षं बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. गाडी दोन तास उशिरा आली तर माणूस कुरकुरत बाकावर बसतो. चौकशीची खिडकी बंद दिसली की मात्र तोच माणूस खिडकीवर हात आपटतो. हे मला ठाऊक, त्या पोरांना कुठून असणार?

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवालीच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. "माझो फोटो कित्याक काढलंस गो?"

"काका, तो फोटो ह्या दरडीचो नाय, जुनो आसा. लोक घाबारले. एका तासात तीनशे मेसेज इले, उत्तरा कोणाक देतलंय?"

मुकाट्याने घरी आलो. चूक माझी होती, पण हे एक वाक्य आदल्या रात्री ग्रुपवर आलं असतं तर मी तिच्या दुकानापर्यंत गेलो नसतो. तिला तसं सांगितलंही, चार दिवसांनी, राग गेल्यावर.

त्यानंतर खरंच फरक पडला. मेसेज काढला की खाली एक ओळ येते: फोटो जुना, किंवा जाहिरात, किंवा तिकिटाचा पीएनआर उघडा टाकलाय. ज्याचा काढला त्याला वेगळा निरोप. ग्रुप बंद करायचा तर पुन्हा कधी उघडणार ते आधी लिहितात, आणि नवीन काही कळलं नसेल तर "अजून काही कळलं नाही" एवढं तरी अर्ध्या तासाने टाकतात. या ओळीची किंमत गाडीत अडकलेल्यालाच कळते.

आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवसांवर आली, तेव्हा "गणपतीचं बुकिंग कधी?" हा एकच प्रश्न ग्रुपवर रोज. त्यांनी कोणत्या तारखेचं तिकीट कोणत्या दिवशी उघडेल ते लिहून पिन केलं. झकास काम. फक्त पिन जास्तीत जास्त तीस दिवस टिकते, नंतर आपोआप सुटते. ती सुटली, कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि प्रश्न पुन्हा सुरू.

आमचे लोकही कमी नाहीत. गाडी रद्द झाली की ॲडमिनला शिव्या, जणू इंजिन त्यांच्या अंगणात उभं आहे. एकाने तर डोंबिवलीवाल्याकडे परतावा मागितला!

आता साडेतीन गुण. पहाटे कोणी जागं नसतं म्हणून दीड कापला, आणि तसं ग्रुपवर लिहिलं. तासाभरात झेरॉक्सवालीचा फोन: "काका, तुमी चाराक उठतास मा?"

ग्रुपच्या माहितीत आता कोण कधी उत्तर देईल ते लिहिलेलं असतं. पहाटे ४ ते ७ समोर माझं नाव आहे.