कपहेड: एका सेकंदाला चोवीस चित्रं

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा लॅपटॉप घेऊन थेट माझ्या पडवीत आला. "आत्ये, ह्यां बघ गो, माकूल!" पडद्यावर एक धक्का होता आणि समोर चाच्यांचं जहाज. कप्तानाने बोलावलं तसं पाण्यातून माकूल, म्हणजे स्क्विड, वर आलं, त्याने शाई उडवली आणि सगळा पडदा काळवंडत गेला. त्या काळोखातही खेळायचं, समोरून काय येतंय ते अंदाजाने ओळखायचं. थोड्या वेळाने डावीकडून भलीमोठी मोरी, म्हणजे शार्क, तोंड वासून आली आणि भाच्याचा खेळ आटोपला.

मी त्याला विचारलं, हे काढलंय कोणी? त्याने गेमचं नाव सांगितलं, 'कपहेड'. माझा प्रश्न मात्र वेगळा होता. मला रेषेची जाडी दिसत होती. माकूल पाण्यात परत जाताना त्याच्या पायांची रेषा कुठे दाबून आली होती, कुठे सुटली होती, आणि अशी रेषा पेन्सिलीवर हात टेकल्याशिवाय येत नाही.

मी कुडाळजवळच्या एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते. त्याआधी तीन वर्षं मुंबईतल्या एका ॲनिमेशन स्टुडिओत मधली चित्रं काढायची. मुख्य चित्रकार हालचालीची सुरुवात आणि शेवट काढून द्यायचा. मधली सहा-आठ चित्रं आम्ही लाईटबॉक्सवर, म्हणजे आतून दिवा असलेल्या पेटीवर, कागदावर कागद ठेवून भरायचो. मग एका वर्षी स्टुडिओने पात्रांचे हातपाय, डोकं, धड वेगवेगळं कापून कॉम्प्युटरमध्ये जोडायला सुरुवात केली. सांध्याला खीळ आणि खीळ फिरवली की हात हलतो. मधल्या चित्रांची गरजच उरली नाही आणि आमचीही. लाईटबॉक्स तेव्हा मी विकत घेऊन गावी आणला. तो माळ्यावर होता.

म्हणून हे परीक्षण गेम खेळणाऱ्याचं कमी आणि त्या टेबलावर बसलेल्या बाईचं जास्त आहे. गेम मात्र मी खेळले आहे, भाच्यासोबत, संपूर्ण सुट्टीभर.

कपहेड 29 सप्टेंबर 2017 रोजी आला. तो बनवणारा स्टुडिओ एमडीएचआर कॅनडातला. चॅड आणि जॅरेड मोल्डनहॉवर या दोन भावांनी घरं गहाण टाकून माणसं वाढवली. कागदावरची चित्रं शाईने पक्की करण्याचं मोठं काम चॅडची बायको माया हिने केलं. हे वाचताना मला आमची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा घरचा कारखाना, आठवली. तिथेही भाऊ माती मळतो, वहिनी पॉलिश पेपर मारते, मी डोळे आखते आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री घरातलं कोणी झोपत नाही.

चित्रांची पद्धत 1930च्या दशकातल्या अमेरिकन कार्टूनची आहे. हातापायांना कोपर-गुडघा नाही, रबरी नळ्यांसारखे ते कुठेही वाकतात. एका जागी उभं असलेलं पात्रही सतत ठेक्यात डोलत असतं. आकृत्या कागदावर पेन्सिलीने काढल्या, शाईने पक्क्या केल्या, मग स्कॅन केल्या. मागची दृश्यं जलरंगात. रंग मात्र आकृत्यांमध्ये कॉम्प्युटरवर भरले. तेही हाताने भरत बसले असते तर आणखी काही वर्षं गेली असती. मला यात तडजोड दिसत नाही. रेषेला हात लागला पाहिजे हे त्यांनी ठरवलं होतं आणि ते पाळलं.

आता या गेमचं खरं बळ. त्यावर मी जरा थांबणार आहे, कारण हातचं ॲनिमेशन आणि गेम यांचं भांडण जुनं आहे.

ॲनिमेशनमध्ये उडी मारायची तर आधी खाली दबावं लागतं. गुडघे वाकतात, पाठ झुकते, हात मागे जातात आणि मग अंग वर सुटतं. ही आधीची चार-पाच चित्रं नसतील तर उडीला वजनच येत नाही. पण गेममध्ये मी बटण दाबलं की त्याच क्षणी उडी हवी असते. पात्र आधी दबत बसलं तर खेळणारा मेला. म्हणजे जे चित्रकाराला हवं तेच खेळणाऱ्याला नको. 1983 साली 'ड्रॅगन्स लेअर' आला, तेव्हा डिस्नेतून बाहेर पडलेल्या डॉन ब्लूथने त्यात सिनेमाच्या तोडीची चित्रं दिली होती. पण चित्रपट्टी लेसरडिस्कवरून धावायची आणि खेळणाऱ्याने नेमक्या क्षणी कांडी फिरवायची, एवढाच खेळ. चित्र जिंकलं, खेळ राहिला. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आम्ही लपून 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळायचो. 1989च्या त्या गेमसाठी जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून व्हिडिओ घेतला आणि त्यावरून राजपुत्र उतरवला. त्याची धाव अजून डोळ्यांपुढे आहे. मात्र तो थांबायलाही एखादं पाऊल घ्यायचा आणि त्या पावलात आम्ही किती वेळा खड्ड्यात गेलो.

कपहेडने हे भांडण फार सुंदर सोडवलं आहे. तुमचा कपाच्या डोक्याचा नायक चटकन उडतो, त्याची पूर्वतयारी जवळजवळ काढून टाकली आहे. सगळी पूर्वतयारी शत्रूंना दिली आहे. पहिल्याच बेटावर एक कार्नेशनचं फूल आहे, गोड हसत डोलणारं. ते डोकं पुढे झेपावतं, कधी वरच्या बाजूने, कधी खालच्या. झेपेआधीची चित्रं नीट पाहिली तर उडी मारायची की खाली वाकायचं ते कळतं. मुष्टियुद्ध करणारे दोन बेडूक आहेत, त्यांचंही तसंच. चित्रकाराने जिथे जीव ओतला आहे तिथेच खेळणाऱ्याने पाहायचं आहे. चित्र वाचता आलं तर वाचाल. गेम सेकंदाला 60 वेळा पडदा बदलतो, म्हणून बटणाला उत्तर लगेच मिळतं. पात्रांची चित्रं मात्र जुन्या सिनेमाप्रमाणे सेकंदाला 24.

सुरुवातीला भाचा नुसती बटणं बडवायचा. मी त्याला म्हटलं, गोळ्या बघू नको, त्याचे खांदे बघ. दोन दिवसांत फूल पडलं.

दोघांनी खेळायची सोय आहे आणि ती याची मोठी गंमत आहे. जोडीदार मेला की त्याचं भूत हळूहळू वर तरंगत जातं. वेळेत उडी मारून त्याला थोपटलं तर तो परत येतो. गुलाबी रंगाची कुठलीही वस्तू अशीच हवेत टोलवता येते. संगीत जुन्या जॅझचं आहे, खऱ्या वाजंत्र्यांनी वाजवलेलं, आणि तो ठेका चित्रांच्या डोलण्याशी घट्ट बांधलेला आहे.

तक्रारीही आहेत. गेम कठीण आहे, काही ठिकाणी नको इतका. लढाईच्या मध्ये थांबा नाही. शेवटच्या टप्प्यावर मेलात तरी पहिल्यापासून. सोपी पातळी दिली आहे, पण त्या पातळीवर जिंकलं तर शत्रूने सैतानाशी केलेलं करारपत्र मिळत नाही आणि करारपत्रांशिवाय पुढे सैतानापर्यंत, म्हणजे शेवटच्या लढाईपर्यंत, जाता येत नाही. म्हणजे ज्याचे हात मंद, त्याने अर्धी चित्रं पाहायचीच नाहीत. माझ्या वडिलांचं वय सत्तरीपार आहे, आयुष्यभर त्यांनी मूर्ती घडवल्या. मोठी जलपरी पाहायला ते खुर्ची ओढून बसले होते. तिला वामी, म्हणजे सापासारखे लांब मासे, डसतात आणि ती बघता बघता सापांच्या केसांची राक्षसीण होते, तिची नजर पडली की तुमचं विमान दगड होतं. ते रूपांतर वडिलांनी भाच्याला पुन्हापुन्हा खेळायला लावून पाहिलं. अशा माणसासाठी या गेममध्ये दार ठेवायला हवं होतं.

कीबोर्डवर खेळू नका, बोटं दुखतात. साधा कंट्रोलर घ्या. आमचा लॅपटॉप बेताचाच आहे, त्यावर अडखळला नाही. पावसाच्या पहिल्या सरीला वीज गेली तरी बॅटरीवर चालला, इंटरनेटही लागलं नाही. 2022 साली आलेली जोडकथा वेगळी विकत घ्यावी लागते. आधी मूळ गेम पुरा करा.

अशा कामाला पुढे दिवस आहेत का, हा प्रश्न सुट्टीभर माझ्या डोक्यात होता. खिळ्यांच्या सांध्यांची पात्रं स्वस्त पडतात, मधली चित्रं आता सॉफ्टवेअर भरून देतं. मी सांध्यांच्या विरोधात नाही. आमच्या शेजारच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चामड्याची बाहुली सांध्यांवरच हलते आणि पडद्यामागच्या दिव्यात ती जिवंत होते, कारण काठी माणसाच्या हातात असते आणि तो हात गाणं ऐकत असतो. त्याच पिंगुळीत चित्रकथीही आहे, कागदावरची चित्रं एकामागून एक समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा सांगायच्या. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली ती याच कलांसाठी. भाच्याला मी सुट्टीत त्यांच्या 'ठाकर आदिवासी कला आंगण'मध्ये नेलं. कथेतली चित्रं पोथीत एकावर एक ठेवलेली पाहून तो लगेच म्हणाला, "ही तर फ्रेमी असत." मला त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मला वाटतं, मोठ्या कंपन्या हातच्या चित्रांकडे वळणार नाहीत, त्यांना हिशेब बसत नाही. 2014च्या 'गिल्टी गिअर झर्ड' या गेममध्ये थ्रीडी पुतळे मुद्दाम तुटक हलवून हातच्या चित्रांचा आभास केला होता. काम कसलेल्या हातांचं आहे, मला आवडतंही. पण त्यातून मधली चित्रं काढणाऱ्या एकाही मुलीला काम मिळत नाही. ते मिळेल कपहेडसारख्या घरच्या घरी चालणाऱ्या शाळांतून, जिथे कोणीतरी ठरवतं की इथे हात हवाच. या गेमच्या पहिल्या दोन आठवड्यांत 10 लाख प्रती खपल्या, म्हणजे पैसे देणारी माणसं आहेत. आमच्या शाळेतल्या निम्म्या मूर्ती साच्यातून निघतात. तरी डोळे आखायला गिऱ्हाईक मलाच बोलावतं आणि समोर उभं राहून बघतं.

घ्यावा का? जरूर घ्या. चित्रं काढणारं मूल घरात असेल तर आधी घ्या, आणि त्याच्याबरोबर बसून खेळा.

लाईटबॉक्स मी माळ्यावरून उतरवला आहे. ट्यूब बदलावी लागली. भाच्याने त्यावर माकूल काढायला घेतलं आहे, पाण्यातून वर येईपर्यंतची 31 चित्रं झाली. शाई उडवायची अजून बाकी आहेत.