कॉर्न × एमोरी की कॉर्न × अमूर? रॅट स्नेकचा क्रॉस करायच्या आधी एवढं बघा

रॅट स्नेक (उंदीर खाणारे बिनविषारी साप) म्हटलं की बऱ्याच पाळणाऱ्यांना वाटतं हे सगळे एकाच घरातले, मग अमेरिकेतला कॉर्न स्नेक आणि रशिया-चीनकडचा अमूर रॅट स्नेक यांची जोडी लावली तर काय बिघडलं. पूर्वी दोघंही एलाफे वंशातच मोजले जायचे, त्यामुळे हा समज अजून टिकून आहे. पण 2002 मध्ये डीएनएवरून नातं तपासलं गेलं आणि अमेरिकेतले रॅट स्नेक वेगळे काढून पँथेरोफिस वंशात टाकले, कारण ते किंगस्नेक आणि गोफर स्नेकच्या जवळचे निघाले. म्हणजे कॉर्नला अमूरपेक्षा किंगस्नेक जवळचा, दिसायला कितीही वेगळा असू दे. (मराठीत जिला धामण म्हणतात ती तर या दोघांपासूनही लांबची.)

आता कॉर्न × एमोरी बघा. एमोरी म्हणजे ग्रेट प्लेन्स रॅट स्नेक, एकेकाळी कॉर्नचीच उपजात मानायचे. पिल्लं धडधाकट आणि पुढे त्यांनाही पिल्लं होतात, रूटबीअर आणि क्रीमसिकल ही याच मिश्र पिल्लांची नावं. कॉर्न × कॅलिफोर्निया किंगस्नेकची मिश्र पिल्लं, म्हणजे जंगल कॉर्नसुद्धा प्रजननक्षम असतात, फक्त किंग साप खातो, त्यामुळे जोडी लावताना कॉर्नच पोटात जायचा धोका खरा आहे. बुलस्नेक (गोफर स्नेकचाच प्रकार) आणि फॉक्स स्नेक (पँथेरोफिस वंशातला) यांचे हायब्रिड, म्हणजे मिश्र साप, तर रानातही सापडलेत, 2012 मध्ये त्याची नोंद झाली.

कॉर्न × अमूरची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. यांच्या पूर्वजांची ताटातूट झाली ती बेरिंगचा भूपूल ओलांडून काही साप अमेरिकेत गेले तेव्हा, म्हणजे साधारण दोन कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी. काही जण म्हणतात कॉर्नचे गुणसूत्र 36 आणि कितीतरी एलाफेंचेही 36, मग जमेल की. आकडा जुळला म्हणजे आतले जीन जुळले असं होत नाही हो! एवढ्या लांबच्या नात्यात नुसते स्लग (न फळलेली अंडी) पडणं, गर्भ अर्ध्यावर मरणं, जगलं तर वांझ पिल्लू, हे सगळं धरूनच चालायला लागतं, आणि जीवशास्त्रज्ञ हॉल्डेनच्या 1922 च्या नियमाप्रमाणे वांझपणाचा फटका सापांत माद्यांना जास्त, कारण वेगवेगळी लिंग गुणसूत्रं त्यांच्याकडे असतात.

अंड्यातल्या वाढीचा वेगही सगळ्यांचा सारखा नसतो. अमूरच्याच एलाफे वंशातल्या, आशियातल्या डायोन रॅट स्नेकची अंडी पडतानाच आतलं पिल्लू बरंच वाढलेलं असतं, काही आठवड्यांत ती फुटतात, कॉर्नला मात्र इन्क्युबेटरमध्ये दोन महिने लागतात. असा फरक असला तर मिश्र गर्भाने नक्की कुणाचं वेळापत्रक पाळायचं? जोडी लावायच्या आधी सापांना द्यायच्या थंडीचंही तेच, अमूर कडक हिवाळ्यातला आणि फ्लोरिडाकडच्या कॉर्नला तेवढी थंडी सोसायची सवय नाही, दोघांना एका वेळी तयार करायला गेलात की एकाचे हाल होतात. आणि स्लग असोत नाहीतर अंडी, ती तयार करताना मादीचं अंग झिजतंच, मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.

"आमच्याकडे जमलं" असं कुणी सांगितलं तरी लगेच मान डोलावू नका. सापाची मादी जुन्या नराचं वीर्य कितीतरी महिने साठवून ठेवते, कधीकधी तर नराशिवायही पिल्लं देते, त्यामुळे डीएनए तपासल्याशिवाय त्या दाव्याला वजन नाही.

जवळचा क्रॉस सोपा म्हणून बिनधोक आहे असंही नाही. रूटबीअर परत कॉर्नला लावला की दोन पिढ्यांत शुद्ध कॉर्नसारखाच दिसतो, लेबल हरवलं की संपलं. मी स्वतः शुद्ध म्हणून घेतलेलं पिल्लू पुढे एमोरी मिश्रण निघालं, माझी तीन वर्षं जपलेली शुद्ध कॉर्नची लाइन (वंशावळ) तिथेच थांबली.

माझं मत विचाराल तर रंगांची हौस असेल तर कॉर्नचे मॉर्फच (रंग-नक्षीचे प्रकार) इतके आहेत की क्रॉसची गरजच नाही. हायब्रिडच करून बघायचा असेल तर एमोरी, तोही प्रत्येक पिल्लाची नोंद ठेवून. अमूर आवडत असेल तर त्याला अमूरचीच जोडी शोधा, थांबावं लागलं तर थांबा. आणि चुकून कॉर्न आणि अमूर एकत्र राहिले आणि अंडी पडलीच असतील तर टॉर्च लावून बघा, शिरा दिसल्या तर उबवा, पण पिल्लं कुणालाही देताना आईबापांची नावं लिहूनच द्या.