माय किंवा बाप गेल्यावर मूल: लगेच की थांबून?

तेरवी आटोपली की घरात कोणीतरी म्हणतंच, "आता पाळणा हलू द्या, बुढा पोटी येईन." बोलणारी मोठी आई मायेनंच बोलते. तरी आजोबाची जागा भरायचं ओझं बाळावर जन्माआधीच टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

आधी बघा, गेलं कोण. बाईची माय गेली असेल तर पहिलं बाळंतपण करणारं माणूसच गेलं. शेक, मालिश, डिंकाचे लाडू, रात्रीचं जागणं हे आता कोण करणार? मामी, मोठी बहीण, सासू, जी कोणी असेल तिच्याशी आधीच मोकळं बोला. तिनं होकार देईपर्यंत थांबलेलं बरं. नवऱ्याचा बाप गेला असेल तर अडचण वेगळी: सातबारावर वारसांची नोंद, सोसायटीचं कर्ज, सगळी शेती एकट्याच्या अंगावर. अशा घरात बाळंतपण ऐन कापूस वेचणीत आलं तर बाळंतिणीजवळ बसायला कोणी उरत नाही.

बाई पस्तिशीच्या जवळ असेल तर मात्र मी फार थांबा म्हणणार नाही. वय वाढतं तशी गर्भ राहण्याची शक्यता घटते. दुःखात जेवण-झोप बिघडून पाळीही मागेपुढे होते, म्हणून आधी तब्येत सावरा आणि फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीच सुरू करा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडं सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार बराच आढळतो. दोघांचीही तपासणी करून घ्या, कारण दोघंही वाहक असतील (स्वतःला आजार नाही, पण बाळाकडं जाऊ शकतो) तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

थांबायचं ठरलं, तर गर्भनिरोधक साधन विचारून निवडा. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण ते बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. वर्षभरच थांबायचं असेल तर मी तांबी सुचवीन. ती काढली की लगेच दिवस राहू शकतात. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची. रोज गोळी लक्षात राहत नाही तिला ही सोयीची.

एक लेकरू आहे आणि "आता माय नाही, दुसरं कोण सांभाळीन" म्हणून कोणी ऑपरेशनचं ठरवत असेल, तर माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिल्या वर्षात ते नको. नसबंदी कायमची असते. तोवर तांबी पुरते.