काटा ७.८ वरून हलला नाही आणि मी खूश झालो

जुन्या मोटरसायकलच्या पार्टमध्ये फसलो, एकूण १४,५३० रुपये. आकडा आधीच सांगतो, म्हणजे 'किती गेले?' हे कोणी विचारायला नको.

गाडी बीएसए एम-२०, दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बनवलेल्यांपैकी. ४९६ सीसी, सहा व्होल्ट, लुकासचा मॅगडायनो, म्हणजे ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि बॅटरी चार्ज करणारा डायनामो एकत्र. दोन वर्षं खपून उभी केली, पण अ‍ॅमीटरचा काटा कायम डिस्चार्जकडे, म्हणजे बॅटरी चार्जच होत नव्हती. रेग्युलेटर (डायनामोचं व्होल्टेज आवरणारा डबा) गेला, असं मी ठरवलं. तपासलं नाही, ठरवलं.

मग नेहमीचंच. ओळखीच्याच्या ओळखीचा एक जण, 'आर्मी डिस्पोजलचा माल, ओरिजिनल, समोर टेस्ट करून देतो साहेब'. ९,५०० रुपये आधी, कुरियरचे ३५० वेगळे. बिल नाही. आता शहाणपण शिकवू नका. असल्या गाड्यांचं सामान बिलावर मिळत असतं तर मी बिलच मागितलं असतं. आणि मी काही डोळे मिटून पैसे टाकले नाहीत. व्हिडिओ कॉलवर टेस्ट बघितली.

तीच टेस्ट आठवली की अजून झोप उडते. व्हाइसमध्ये (पकडीत) डायनामो, त्याला फिरवायला ड्रिल मशीन, बाजूला रेग्युलेटर आणि व्होल्टमीटर. ड्रिल सुरू झालं, काटा ७.८ वर. बॅटरी न जोडता या रेग्युलेटरला साधारण एवढंच यायला हवं, हे मी वाचलेलं होतं, त्यामुळे मान डोलावली. 'स्पीड वाढवा' म्हटलं, त्याने वाढवला. काटा ७.८. कमी केला. ७.८. मग ड्रिल बंद केलं, डायनामो हळूहळू फिरत थांबला, आणि काटा तरीही ७.८! दोन-तीन सेकंद मी त्या काट्याकडे बघत होतो. बघत होतो आणि म्हणालो, 'वा, काय स्टेडी आहे!'

डायनामो थांबल्यावर व्होल्टेज येणार कुठून? रेग्युलेटर ते अडवतो, बनवत नाही. खाली कुठेतरी अ‍ॅडॉप्टर जोडलेला होता. कटआउट (रेग्युलेटरमधला, डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) लागतानाची आणि सुटतानाची 'टक' एकदाही ऐकू आली नव्हती. हे सगळं मला माहीत होतं. घरचं वायरिंग मी स्वतः केलंय. पण समोरचा आदराने बोलत होता आणि मला वस्तू हवी होती, बास.

व्हिडिओवर टेस्ट बघायचीच असेल तर डायनामो पूर्ण थांबवून काटा शून्यावर येतो का ते आधी बघा.

रेग्युलेटर बसवला, अ‍ॅमीटर तसाच. फोन केला तर म्हणे, 'साहेब, तुमचा आर्मेचर गेलाय, पाठवा, रिवाइंड करून देतो.' (आर्मेचर म्हणजे डायनामोतला फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग.) ४,२०० रुपये, पाठवायचा खर्च ४८०. आणि मी तोही पाठवला. यावर माझ्याकडे बचाव नाही. एवढंच की एकदा ९,८५० घातले की माणूस ते वाचवायला आणखी घालतो.

शेवटी एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी डायनामोच्या डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) वायरी काढल्या, डायनामोवर दोन्ही टर्मिनल एका तारेने जोडले, मीटरचं एक टोक त्यांना, दुसरं बॉडीला, इंजिन हळूच चढवलं. चांगला डायनामो इथे झपाट्याने चढतो. दहा व्होल्टच्या आत थांबायचं, रेस करायचं नाही. अर्ध्या व्होल्टला अडकला तर फील्ड कॉइल (डायनामोत चुंबक तयार करणारी) संशयित, दीड-दोनला अडकला तर आर्मेचर. माझा दीडला अडकला. रिवाइंड करून आलेला आर्मेचर! बाहेर काढून बघितला तर शाफ्टच्या टोकाला मी मारलेल्या तीन पंचच्या खुणा नाहीत. बदललेला. रेग्युलेटरचं झाकण उघडलं तर रंग ताजा, आत शंट कॉइल (व्होल्टेजवर चालणारी) तुटलेली. डायनामोची ही तपासणी म्हणजे एका तारेचं काम, पाच मिनिटं. घरातून पार्ट पाठवण्याआधी केलं असतं तर माझा आर्मेचर चांगला होता की नव्हता ते तरी कळलं असतं. आता कधीच कळणार नाही. म्हाताऱ्यांनी ३०० मागितले. तेवढेच काय ते कामाचे.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, 'डायनामो सायकलचा का?' मग व्हिडिओ बघून, 'यात तर चालतंय की.' थांबलेल्या डायनामोवर काटा का हलत नाही हे मी समजावत होतो, साहेब चहा मागवत होते. नंतर ऐकवलं, माल मिळालाय ना, मग ही फसवणूक नाही, दिवाणी बाब आहे. विकणारा दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा. तिकडे फोन केला तर पैसे जिथून गेले तिथे तक्रार द्या. अर्जावर पोच मागितली तर शिक्का मारणारे रजेवर. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. तीन खेपा, दोन अर्ध्या रजा, आणि एका हवालदाराचा सल्ला: 'नवी बॅटरी टाका ना.' पैसे गेले की लगेच, त्याच दिवशी १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावा. मी सतरा दिवस त्या माणसाच्या 'उद्या बघतो'वर काढले, ती माझी चूक. पण म्हणून ठाण्यात हसायचं?

पार्ट पाठवताना खुणा करा, आणि खुणांचे फोटो काढा. मी खुणा केल्या, फोटो काढले नाहीत.

कोणाला 'टेस्ट केलेला' लुकासचा आर्मेचर कोणी दाखवला आणि शाफ्टच्या टोकाला त्रिकोणात तीन ठिपके दिसले, तर तो माझा आहे. मला कळवा.